सन दोन हजारमधली बाई

अश्विनीनं मोबाईल माझ्या चष्म्यापुढं धरला तेव्हा मी डायनिंग टेबलाशी बसून मटार सोलत होते. "बाई, ह्ये बघा. आमच्या माहेरच्या देवीनं कवच सोडलं," ती म्हणाली. चित्र हलत होतं. बायकांची गर्दी, घंटेचा आवाज, मध्येच कुणाचं तरी कोपर. बायकांच्या डोक्यांवरून पलीकडे शेंदराचा एक मोठा पापुद्रा पुढे कलंडलेला दिसला आणि त्याच्या बाजूला वर उचललेला उजवा हात. तळवा अर्धवट मिटलेला, एक बोट पुढं. चेहरा दिसायच्या आधीच व्हिडिओ संपला. "मूळ रूप परगट झालं म्हनत्यात. परवा अमावस्येला पुन्हा शेंदूर चढवनार. तवर दर्शन," असं म्हणून अश्विनी घासायच्या भांड्यांकडे वळली. मी मटार सोलत राहिले, पण दाणे सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात टाकत होते, हे थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. तो हात मी ओळखला होता. अश्विनीच्या माहेरी ज्या देवीला चक्राई म्हणतात ती माझी आई आहे. म्हणजे माझ्या आईचा पुतळा आहे. ही गोष्ट मी अश्विनीला कधी सांगितली नव्हती. खरं तर कुणालाच सांगितली नव्हती. आईचा एकही फोटो नाही. जगात तिचा चेहरा कुठं असलाच तर तो त्या शेंदराखाली होता, आणि आता तो दोन दिवस उघडा राहणार होता.

राहुरीच्या अलीकडे, मुळेच्या कालव्याला लागून, माझ्या लहानपणी एका साखर कारखान्यानं मोठी बाग केली होती. गुलाबाचे ताटवे, कारंजं, सिमेंटचा हत्ती, आणि या सगळ्याच्या मध्यभागी पत्र्याचं गोल छप्पर असलेलं 'प्रगतीचं चक्र'. आत मधोमध लाकडी फलाट होता, त्यावर बाकं मांडलेली. माणसं बाकांवर बसली की फलाट सावकाश फिरायचा आणि भिंतीलगतच्या पाच खोल्या एकेक करून समोर यायच्या. पहिल्या खोलीत चिमणीच्या उजेडात जातं ओढणारी बाई. मग विहिरीवर इंजिन आल्याचं कौतुक करणारी बाई. मग विजेचा दिवा आणि रेडिओ, मग शेणाच्या गॅसवर भाकरी. शेवटच्या खोलीवर पाटी होती: सन दोन हजार. तिथं चूलच नव्हती. भिंतीवर चित्र दिसणारा टेलिफोन, भाकऱ्या थापणारं एक चकचकीत डबडं, आणि खुर्चीत बसलेली बाई, जी हात पुढं करून भिंतीवरचं बटण दाबत होती. ध्वनिफितीवर एक भारदस्त पुरुष सांगायचा, "शेतकरी बंधुभगिनींनो, आता आपण सन दोन हजारमध्ये प्रवेश करीत आहोत." व्होल्टेज कमी असलं की त्याचा आवाज म्हशीसारखा व्हायचा आणि सन दोन हजार यायला फार वेळ लागायचा. वीज गेली तर फलाटाखालच्या खड्ड्यात गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपतात तशी बैलजोडी जुंपत. वर भविष्यकाळ चालू आणि फळ्यांच्या फटींतून शेणामुताचा वास. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. शिबिराला आलेले शेतकरी तर खाली वाकून बैल कुठल्या जातीचे ते बघायचे.

आई बागेत झाडलोटीला होती आणि बाबा गव्हाणीत, म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या टाकतात तिथं. पुतळे करायला नगरहून एक गणपती घडवणारा कारागीर आला होता. त्याला बाई हवी होती, समोर बसायला. बागेतल्या बायकांनी कानावर हात ठेवले. जित्या माणसाचा पुतळा केला की आयुष्य कमी होतं, असं त्या मानायच्या. आई म्हणाली, "आपल्यात तसलं काही नसतं," आणि बसली. ती म्हणजे आमच्या चर्चची इस्तेर. बागेत सगळे तिला इस्तर म्हणत. मला आठवतं ते तिचं बसणं. मी त्याआधी तिला खुर्चीत बसलेली पाहिली नव्हती. कारागिरानं तिला हात पुढं करायला सांगितला. तिनं विचारलं, "बटन दाबल्यावर काय व्हतं?" तो माती थापत म्हणाला, "सगळं." मग तिनं आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तो ओरडला, "हलू नका." ती तशीच राहिली. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन दारात उभी राहायची. समोर दोन आया असायच्या, एक बसलेली आणि एक ओली. ओली असलेली रोज थोडी जास्त आई होत जायची आणि ते मला आवडत नव्हतं.

कारागिरानं काटकसर केली. एकच साचा करून त्यातून पाचही बायकांचे प्लास्टरचे चेहरे काढले. वर नगरच्या सिनेमाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं त्यांना गोरापान रंग दिला, गालांवर लाली, आणि पाचही ओठांवर हसू. आई काळी होती. पण पाचजणी तीच होती. वेगवेगळ्या लुगड्यांत, शंभर वर्षांत एका दिवसानंही म्हातारी न झालेली. रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी आई ओलं फडकं घेऊन स्वतःचे पाच चेहरे पुसायची. पहिल्या खोलीतून सुरुवात, सन दोन हजारमध्ये शेवट, मग बादली उचलून बाहेर. शाळेची सहल आली तेव्हा सगळा वर्ग बाकांवर बसला होता आणि रंगनाथ नावाचा मुलगा मोठ्यानं म्हणाला होता, "कृपे, तुझी आई सन दोन हजारात पण कामावरच." मुलं हसली. शेजारची म्हणाली, "कामावर कुठाय, बसलीय की." त्यावर जास्त हसली. मी त्या दोघांवर चिडले होते. आज वाटतं, दोघंही बरोबर होती.

मी संगमनेरला अध्यापक विद्यालयात असताना आई काविळीनं गेली. बायकांनी पुतळ्याची आठवण काढली, हे मला नंतर कळलं. वसतिगृहात मी डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला बसायची तेव्हा पहिल्यांदा ते झालं: डोळ्यांपुढं आला तो प्लास्टरचा. गोरा, लाली लावलेला, हसरा. मी तो बाजूला सारून मागं बघायची, तर मागं दुसरा तसाच. पाच वेळा. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं हेच चाललं आहे. तिचे हात मला नीट आठवतात, पायांच्या भेगा आठवतात, डोक्यावरून पदर घेऊन प्रार्थनेला बसताना मान कशी डावीकडे कलायची ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी पेंटरचं काम. शाळेत शिकवताना, डेव्हिडच्या वेळी बाळंत झाल्यावर, नवरा गेला तेव्हा, दर वेळी मला तिची आठवण आली आणि दर वेळी ती माझ्याकडे बघून तशीच हसली. माणूस मेल्यावर हसू नये असं मला वाटतं.

मी लग्न होऊन संगमनेरलाच राहिले, त्यामुळे बाग मोडताना पाहिली नाही. आधी मोटार जळाली, मग बैलांचा खर्च परवडेना, मग लोकांनी घरी टीव्ही घेतले. एका वादळात छप्पर गेलं. नंतर त्या जागी वजनकाटा झाला आणि आता मंगल कार्यालयाचं लॉन आहे. कारखान्याच्या लोकांनी पुतळे वजनकाट्याच्या पायात भराव म्हणून टाकले असं ऐकलं होतं. पुढं कधीतरी बाबांना भेटायला गेले तेव्हा कालव्याच्या कडेला, चिंचेखाली, शेंदराचा एक गोळा दिसला. उचललेला हात तेवढा ओळखू येत होता. लोक म्हणाले, चक्रात सापडली म्हणून चक्राई, बसून आशीर्वाद देते. खुर्चीला त्यांनी सिंहासन मानलं होतं आणि बटण दाबणाऱ्या हाताला अभय. चेहरा तेव्हाच बुजला होता. शेंदूर, तेल, शेंदूर, तेल. मी हात न जोडता तशीच उभी राहिले आणि परत आले. एखादी वस्तू हरवल्यावर जसं वाटतं तसं वाटलं, त्याहून जास्त नाही. निदान तेव्हा नाही.

रात्री जेवताना मी डेव्हिडला म्हटलं, "उद्या मला राहुरीकडे घेऊन चल. एका देवळात." त्यानं घास थांबवला. "देवळात? मम्मी, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, जुनी ओळखीची जागा आहे. "पास्टरांना कळलं तर मला कमिटीवरून काढतील," तो म्हणाला, अर्धवट चेष्टेत. माझ्या सुनेनं, जास्मिननं, त्याच्या ताटात वाटाण्याची उसळ वाढली. "काढू देत. तू नुसता बिस्किटं खायला जातोस तिथं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, तुमची औषधं पर्समध्ये घ्या." तेवढ्यावर ठरलं. खरं कारण मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? डेव्हिडनं आजी हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या घरी ऐकलेला. त्याच्यासाठी माझी आई म्हणजे फॉर्मवर भरायचं एक नाव. आणि मी तिला कशी दाखवणार होते, मलाच ती दिसत नसताना. गाडीत तो फोनवर बोलत होता, गाणं आपोआप बंद होऊन चालू होत होतं, काचा बटणावर वरखाली होत होत्या. मी मांडीवर हात ठेवून नुसती बसले होते. काहीही न करता एखाद्या जागेहून दुसऱ्या जागी जाणं मला अजून जमत नाही, पाय आपोआप गाडीच्या तळाशी दाबले जातात.

देवळाला आता पत्र्याचा मंडप होता आणि रांगेसाठी बांबू बांधले होते. डेव्हिड गाडीपाशीच थांबला. मी रांगेत उभी राहिले. पुढच्या बायका बोलत होत्या. "लई तेज हाय म्हनं मूळ रूपाला." "माझ्या नणंदंला तर रडूच आलं." "तुझ्या नणंदंला कशानं येत न्हाई ते सांग." मग बायका सरकल्या आणि मी समोर आले. खुर्ची होती, हात होता. मानेवर काथ्याचा आणि गंजलेल्या जाळीचा एक करडा लगदा होता, नारळ सोलल्यावर उरतो तसा. त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवले होते. प्लास्टर इतक्या पावसाळ्यांत आतल्या आत भुगा होऊन गेलं होतं. चेहरा नव्हताच. मी विचारलं, "चेहरा कुठंय?" पुजाऱ्याचं काम करणारा साठीचा माणूस, कानिफनाथ त्याचं नाव, माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्योच की आजी. मूळ रूप असंच असतं, सयंभू." मागून कुणीतरी सरका म्हणालं. मी बाजूला झाले आणि चिंचेच्या बुंध्याला टेकले. मला वाटलं होतं त्याहून ते साधं होतं. नाही, तर नाही.

बुंध्यापाशी बाजेवर एक फार म्हातारी बाई बसली होती. कानिफनाथाची आई, बनुबाई. तिनं डोळे बारीक करून विचारलं, "कुनाची तू?" या वयात मला असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "इस्तेरबाईची." तिनं मला खालून वर न्याहाळलं. मग बाजेवर हात आपटून म्हणाली, "बस. कृपी ना तू? एवढी म्हातारी झालीस व्हय गं?" मी बसले. आई आणि ती बागेत एकाच ओळीला झाडायच्या, हे मला तिच्या हातावरच्या गोंदणावरून आठवलं. तिनं मंडपाकडे बघून आवाज खाली आणला. "पोरगं ऐकंल. त्याला ठाव न्हाई. कुनालाच न्हाई." मी म्हटलं, "काय?" "ही देवी म्या केली." मग ती सांगत गेली. "वादळात पत्रं उडालं, मग मानसं टॅक्टर घिऊन आली. चौघी फोडल्या माझ्यादेखत. ही तेवढी ऱ्हायली खुर्चीवर. म्या म्हनलं, इस्तर हाय ती. तिला कसं भरावात टाकू द्यायचं? पर माझं कोन ऐकनार. घरात म्हसोबाचा शेंदूर हुता. पळत गेले, आनला, बोटभर लावला तिच्या कपाळाला. टॅक्टरवाला माघारी आला, बघितलं, चप्पल काढली, हात जोडलं आन् गेला निघून." ती हसली, दात नव्हते. "दुसऱ्या दिशी कुनीतरी नारळ फोडला. मग काय माझ्या हातात ऱ्हायलं न्हाई. दर अमावस्येला थर. नाक गेलं, डोळं गेलं. म्या आपली बघत बसायची." मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का. ती म्हणाली, "तिला आवडलं नसतं. प्रार्थनेवाली ना ती. शिव्याच घातल्या असत्या मला." मग म्हणाली, "पर फुटली तर न्हाई."

मी तिला विचारलं, गळून पडलेलं कवच कुठंय. ते मंडपामागं होतं, मोठ्या घमेल्यात, लाल कापडानं झाकलेलं. दुपारी प्रवरासंगमाला नेऊन पाण्यात सोडायचं होतं. बनुबाईनं मुलाला हाक मारली. "आरं, हिला कवच दाव." कानिफनाथ म्हणाला, "आई, तसं दावत न्हाईत." "मला नको शिकवू. दाव म्हनलं ना." त्यानं कापड बाजूला केलं आणि सांगितलं, "फोटू काढू नका तेवढं." बाहेरून तो नुसता केशरी खडबडीत दगड होता. मी म्हटलं, पालथं करा. त्यानं दोन्ही हातांनी तो उलटा केला. आतला पहिला थर, बनुबाईच्या बोटानंतर लोकांनी सगळ्या चेहऱ्यावर चढवलेला, चेहऱ्याला घट्ट बसून तिथंच वाळला होता. आत खड्डा होता आणि त्या खड्ड्यात नाक, गाल, पापण्या, सगळं उलटं. मी वाकले. मंडपाच्या फटीतून तिरका उजेड पडत होता. खड्डा आहे हे मला कळत होतं, पण डोळे मानेनात. बघता बघता तो वर आला. खोलगट नाक पुढं आलं, गाल भरले, आणि माझी आई घमेल्यातून वर माझ्याकडे बघायला लागली. मी घाबरून मान बाजूला घेतली तर तिनंही मान वळवली. रंग नव्हता, लाली नव्हती. सगळा चेहरा तांबूस काळसर. आणि ती हसत नव्हती. हसू पेंटरचं होतं, ते रंगाबरोबर गेलं होतं. ओठ थोडेसे उघडे होते, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे. भुवयांमध्ये एक आठी, खालच्या ओठाची डावी बाजू किंचित जाड. ती जाड बाजू मी पूर्ण विसरले होते. विसरले होते हेसुद्धा विसरले होते. मी हात आत घातला. हाताला पुन्हा खड्डाच लागला. डोळ्यांना चेहरा आणि बोटांना खड्डा, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही तीच.

कानिफनाथ म्हणाला, "चला, टेम्पो निघायचाय." मी म्हटलं, मी पण येते. तो बनुबाईकडे बघायला लागला, तिनं मान डोलावली. फोटोचं माझ्या मनात आलं होतं. बनुबाईनं तेवढंही करू दिलं असतं. पण इतकी वर्षं एक चित्र तिच्या आणि माझ्या मध्ये उभं होतं, आता दुसरं नको वाटलं. मी डेव्हिडला सांगितलं, तू मागून ये. "मम्मी, आता कुठं?" "प्रवरासंगम." "हे काय चाललंय?" तो म्हणाला, पण मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढले होते आणि घमेलं मांडीवर घेतलं होतं. नेवासा मागं पडेपर्यंत मी कापडाखाली हात घालून बसले. कपाळावरून खाली, पापण्या, नाक, ओठ, हनुवटी, पुन्हा कपाळ. ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "आजी, तुमी मनापासून करता." मी हो म्हटलं. बोटं केशरी झाली. नंतर नंतर डोळे मिटले तरी तो गोरा चेहरा येत नव्हता, आणि मी मुद्दाम बोलावून पाहिला तरी आला नाही.

घाटावर ऊन होतं. दोन नद्यांचं पाणी वेगवेगळ्या रंगांचं दिसत होतं. कानिफनाथानं हळद-कुंकू वाहिलं, मंत्र पुटपुटला आणि कवच पाण्यावर ठेवलं. ते बुडालं नाही. खोलगट असल्यामुळे होडीसारखं तरंगलं, आतला चेहरा आभाळाकडे. "आई जायला तयार न्हाई," तो म्हणाला आणि बांबू शोधायला गेला. डेव्हिड माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. देवाधर्माच्या ठिकाणी तो नेहमी हात खिशात घालतो, तसे घातले होते. "मम्मी, हे सगळं कुणासाठी?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. मी पाण्याकडे बघत म्हटलं, "आत माझी आई आहे. तिचा चेहरा. आत्ता बघितलास तर दिसेल, नाहीतर नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या केशरी हातांकडे पाहिलं. काठावरची एक लाट कवचात शिरली आणि ते एका अंगाला कललं. डेव्हिडनं बूट काढले नाहीत, काही नाही, तसाच पायऱ्या उतरून पाण्यात गेला, गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही. मग पाण्यावर काही उरलं नाही आणि तो सरळ झाला. ओल्या पँटनं वर येताना त्याचे बूट प्रत्येक पायरीवर पाणी सांडत होते. "दिसली का?" मी विचारलं. तो धापा टाकत माझ्या शेजारी बसला. "पाणी भरत होतं आत," तो म्हणाला. "पण दिसली."